एक्केचाळीस, आत

बुधवारी दुपारी मारिंका झागर राईचा पाव घेऊन दुकानातून बाहेर पडली तेव्हा पाऊस पडत होता. त्यात विशेष काही नव्हतं. पोद्स्काला गावात नोव्हेंबरभर पाऊस पडतोच. तिथला डोंगर चुनखडीचा, आतून पोखरलेला. वर पडलेलं पाणी भेगांमधून खाली उतरतं आणि पायाखाली कुठेतरी वाहत राहतं. गावातली माणसं त्या पाण्याबद्दल एखाद्या शेजाऱ्याबद्दल बोलावं तशी बोलतात. आज तो गप्प आहे, आज त्याचं डोकं फिरलंय, असं.

संध्याकाळी पाचला मारिंकाची मुलगी नेझा शहरातून जेवायला यायची होती. घरी म्हातारी आई आंबट कोबी आणि घेवड्याची योता रटरटत ठेवून बसली होती. त्याआधी गुहामंडळात जाऊन नोंदी बघायच्या, चार वाजताचा शोध घ्यायचा आणि कुलूप लावायचं, एवढंच मारिंकाचं काम. सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात ती नोकरी करायची आणि बुधवारची दुपार मंडळाला द्यायची. या नेमाला अकरा वर्षं झाली होती.

अकरा वर्षांपूर्वी हा नेम कुणालाच नव्हता. मंडळाने तेव्हा नुकतंच कागदी वह्या सोडून नोंदींचं ॲप घेतलं होतं. कुणीही गुहेत जाण्यापूर्वी तोंडाशी उभं राहून फोनवर नोंद उघडायची, कारण पहिल्या वळणापुढे फोन लागत नाही. पण नोंदींना नावं मात्र मनाला येतील ती द्यायचे. ‘नवीन’, ‘नवीन दोन’, ‘चिखलवाली’, ‘हीच शेवटची’. मारिंकाचा थोरला भाऊ सिल्वो यात सगळ्यांचा गुरू. त्याच्या सगळ्या नोंदींचं नाव एकच असायचं, ‘नोंद’. मारिंका रागावली की म्हणायचा, “अगं, मला माहीत आहे ना कोणती कुठली!”

मग एका नोव्हेंबरात तो गेला आणि परत आला नाही. कुठल्या गुहेत गेला तेही कुणाला कळेना. डोंगरात मंडळाच्या हिशेबाने एकशेबारा गुहा, आणि ॲपमध्ये ‘नोंद’ नावाच्या दोनशेच्या वर नोंदी. मारिंका दोन दिवस एकेक उघडून वाचत बसली. शेवटी सापडली. आत एकच ओळ होती. ‘तेम्निक. पाण्याची पातळी बघून येतो, अर्ध्या तासात बाहेर.’ तेम्निक म्हणजे एक्केचाळीस नंबरची गुहा. माणसं तिकडे पोचली तोवर आतली दगडी कमान पाण्याखाली गेली होती. पाणी उतरल्यावर शोधलं, पुढच्या उन्हाळ्यातही शोधलं. सिल्वो मिळाला नाही.

त्यानंतर नावांचा नियम मारिंकाने केला. आधी गुहेचा क्रमांक, मग तारीख, मग माणसाची आद्याक्षरं, आणि सगळ्यात शेवटी एक शब्द, ‘आत’. माणूस बाहेर आला की त्याने तो शब्द पुसून ‘बाहेर’ लिहायचं. ज्याचं त्यानेच लिहायचं, दुसऱ्याच्या नोंदीचं नाव दुसऱ्याने बदलायचं नाही. म्हणजे रोज चार वाजता ‘आत’ एवढा शब्द टाकून नावांमध्ये शोध घेतला की डोंगराच्या पोटात कोण आहे ते लगेच कळेल.

सिल्वोच्या नोंदीला मात्र तिने स्वतः नाव दिलं, कारण तो द्यायला नव्हता. ‘४१’, तो गेला ती तारीख, माहेरच्या आडनावासकट ‘सि. को.’ आणि पुढे ‘आत’. तो शब्द पुसणारं कुणी नव्हतं. त्यामुळे शोध घेतला की कधीच शून्य यायचं नाही. एक यायचा. मंडळातल्या माणसांना त्याचीही सवय झाली. चारला कुणीतरी शोध घ्यायचं, “एक” म्हणायचं, दाराजवळच्या पाटीवर खडूने ‘१’ काढायचं आणि कुलूप लावून घरी जायचं. एक म्हणजे सगळे बाहेर. नव्या पोरांना पहिल्या दिवशीच हे सांगितलं जायचं.

मंडळाची खोली अग्निशमन दलाच्या बंबखान्याच्या वर होती. त्या बुधवारी जिना चढताना मारिंकाला वास आला. ओल्या लसणासारखा, किंचित जळका. तिसऱ्या पायरीवर ती थांबली. कार्बाइडचा दिवा विझवल्यावर असा वास येतो. पण कार्बाइडचे दिवे आता कोण वापरतं? सगळ्यांच्या शिरस्त्राणांवर बॅटरीचे पांढरे दिवे आले होते. गावात शेवटचा कार्बाइडवाला सिल्वोच.

‘बंबवाल्यांनी काहीतरी सांडलं असेल,’ असं मनाशी म्हणत ती वर गेली.

खोलीत भिंतीवर शिरस्त्राणांच्या खुंट्या होत्या. सिल्वोची खुंटी अकरा वर्षं रिकामी ठेवली होती. आजही ती रिकामीच होती, पण तिच्याखाली लाकडी फरशीवर ताटलीएवढं पाणी साचलं होतं, तांबड्या चिखलाचं. मारिंकाने वर पाहिलं. छत कोरडं होतं. खुंटीच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. तिच्या देखत तो सुटला आणि टप्पकन खाली पडला.

तिने फडकं आणून पाणी पुसलं. ती हातात फडकं आलं की शांत होणारी बाई होती. मग संगणकापुढे बसून रविवारच्या सहलीच्या नोंदी वाचल्या, डोळ्यांपुढे धूसर झालेली अक्षरं चष्मा पुसून पुन्हा वाचली. पावसाचा आवाज वाढत गेला. चारचे ठोके पडले तसा तिने शोध घेतला. वर आकडा आला, एक.

“एक,” ती रिकाम्या खोलीत म्हणाली. पाटीवर ‘१’ काढला, दिवा मालवला आणि कुलूप लावलं.

खाली दाराशी गाश्पर छत्री झटकत उभा होता. हा मंडळाचा नवा चिटणीस, नेझाचा शाळासोबती, विमा कचेरीत नोकरीला. टापटिपीचा इतका की त्याच्या गाडीत बुटांसाठी वेगळी पिशवी असायची.

“मारिंका मावशी, बघितलंत का? काही फरक जाणवला?”

“कसला रे?”

“घ्या! काल तीन तास घालवले मी, आणि तुम्हाला दिसलंही नाही. सगळ्या जुन्या नोंदी साफ केल्या. नियमाच्या आधीच्या बारा जणांनी ना ‘आत’ लिहिलं होतं, ना ‘बाहेर’. त्यातला एक तर लग्न करून ऑस्ट्रियात गेलाय! कागदोपत्री अजून डोंगरातच बसलाय बिचारा. सगळ्यांना एकदम बाहेर काढलं.”

मारिंका हसली. “बायकोला विचारायचं होतंस. तिला बरा वाटला असता डोंगरात.” मग ती हसायची थांबली. “सगळ्यांना म्हणजे?”

गाश्परने मान खाली घातली. “ती जुनी एक होती... तीही केली. राग मानू नका. अकरा वर्षं झाली मावशी. रोज शोधलं की ते नाव समोर. मला वाटलं, तुमच्यासाठीच... आता बघा, कसं स्वच्छ शून्य येतं.”

मारिंकाच्या हातातला पाव खाली पडला. तिला तो उचलायचंही सुचलं नाही.

“शून्य नाही आलं,” ती म्हणाली. “एक आला.”

दोघं जिना चढून वर पळाले. या वेळी मारिंकाने आकड्याखालचं नावही वाचलं. ‘४१’, आजची तारीख, ‘ने. झा.’, आत.

नेझा. नोंद दुपारी पावणेबाराला उघडली होती. आत लिहिलं होतं, ‘पाण्याच्या मापकाची बॅटरी बदलते. एक वाजता बाहेर. आईला सांगू नका, योता खायला पाचला टपकणारच आहे.’

मापक कमानीच्या पलीकडे दोनशे पावलांवर होतं, आणि मंडळाची सभासद म्हणून नेझाच ते सांभाळायची. तिथवर एकट्याने जायची मुभा होती, कारण कोरड्या दिवशी ते मागच्या अंगणात जाण्याइतकं सोपं. अकरा वर्षं मारिंका ‘एक’ हा आकडा पाहत होती, आणि आकडा पाहून पाहून ती नाव वाचायचं विसरली होती. तो नियम करणारी तीच, आणि विसरणारीही तीच.

नेझाचा फोन लागला नाही. मारिंकाने बचाव पथकाला फोन केला. तिचा आवाज अजिबात कापला नाही. गुहा कुठली, नोंद कितीची, कमान कुठे, सगळं नीट सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला, खालचा रस्ता पाण्यात आहे, दीड तास लागेल.

“दोर घे,” ती गाश्परला म्हणाली. “दोन्ही मोठे घे. आणि रडायचं असेल तर गाडीत रड, पण चालव नीट.”

जंगलातल्या वाटेवर नेझाची निळी गाडी उभी होती, काचांवर बीचची पानं चिकटलेली. अंधार पडायला लागला होता. तेम्निकचं तोंड म्हणजे उतारावरची एक रुंद फट, म्हाताऱ्याच्या दात नसलेल्या तोंडासारखी. आत वीस पायऱ्या उतरलं की सपाट जागा आणि तिच्या टोकाला ती कमान. मारिंका भाऊ गेल्यापासून त्या पायऱ्या उतरली नव्हती. आज ती न थांबता उतरली. गाश्परने बॅटरी धरली.

कमान नव्हती. तिच्या जागी काळं, फुगलेलं पाणी भिंतीला टेकलं होतं. ते वाहताना दिसत नव्हतं. पण खोलवरून घरघर येत होती, झोपलेल्या माणसाच्या घशातून यावी तशी.

“नेझाऽ!” गाश्पर ओरडला. आवाज पाण्यावरून सरकत गेला आणि परत आलाच नाही.

“मावशी, इकडे बघा!” तो एकदम खाली वाकला. “ठसे! बाहेर जाणारे ठसे आहेत. आली ती! पाणी चढायच्या आधीच निघाली असणार!”

मारिंकाने बॅटरी हातात घेतली. तांबड्या चिखलात बुटांचे ठसे उमटले होते, ताजे, कडा अजून न ढासळलेले. ते पाण्याच्या काठापासून सुरू होत होते आणि पायऱ्यांकडे येत होते. प्रत्येक ठशाच्या टाचेत पाणी भरलं होतं. ठसे मोठे होते, पुरुषाचे. डाव्या टाचेवर आडव्या रेघांचा एक चौकोन होता. सायकलच्या टायरचा तुकडा कापून टाचेला चिकटवणारा माणूस या गावात एकच होऊन गेला. तो तुकडा चिकटवताना कातरी कुणाची वापरली यावरून त्याचं आणि मारिंकाचं भांडणही झालं होतं.

“ही नेझा नाही,” ती म्हणाली.

“मग कोण?”

तेवढ्यात फोन वाजला. घरून आई होती. ब्याऐंशी वर्षांची ही बाई फोन कानापासून लांब धरून ओरडून बोलायची. आज ती अगदी हळू बोलत होती.

“मारिंका... कुठे आहेस गं?”

“मंडळात आहे आई. थोडा उशीर होईल.”

“ऐक ना. घाबरू नकोस... सिल्वो आलाय.”

मारिंकाने डोळे मिटले.

“मागच्या दारानं आला,” आई सांगत होती. “मी पातेलं ढवळत होते. मागं वळले तर खुर्चीत बसलेला. नखशिखांत भिजलाय गं... मी टॉवेल दिला, तर तो नुसता मांडीवर घेऊन बसलाय. बूट काढून दाराशी ठेवले हो त्यानं. न सांगता ठेवले. योता वाढली, पण खात नाही. वाडग्याकडे बघतोय. वाफ त्याच्या तोंडावर जातेय, आणि... मारिंका, तो थरथरत नाहीये. इतका भिजलाय, पण थरथरत नाही...”

गाश्परला फोनमधलं सगळं ऐकू येत होतं. तो भिंतीला टेकून हळूच खाली बसला.

“आई,” मारिंका म्हणाली, “फोन त्याच्या कानाला लाव.”

“तू रागावणार नाहीस ना त्याच्यावर? इतक्या वर्षांनी आलाय...”

“नाही आई. लाव.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. श्वास नव्हता. फक्त थेंब पडत होते, एका लयीत, दगडावर पडावेत तसे. आईच्या स्वयंपाकघरात तर लाकडाची फरशी होती.

अकरा वर्षं मारिंकाने या क्षणाची किती रूपं मनात पाहिली होती. तो आला तर काय म्हणायचं, आधी ओरडायचं की आधी मिठी मारायची. त्यातलं काहीच आता कामाचं नव्हतं.

“सिल्वो,” ती म्हणाली. “मी आहे, मारिंका. तुझी नोंद गाश्परने मिटवली. त्याला माहीत नव्हतं. तू बाहेर आलास, आणि... एक आतच राहतो, हे मी आज बघितलं. नेझा आत आहे. तू गेलास तेव्हा तेरा वर्षांची होती ती. कमान भरली आहे.” ती थांबली. पुढचं वाक्य बोलायला तिला फार जोर लावावा लागला. “मी तुझं नाव बदलणार नाही. ज्याचं त्यानेच बदलायचं, हा नियम माझाच आहे. मी फक्त सांगतेय, सिल्वो... आत कोण आहे ते सांगतेय.”

थेंब थांबले.

मग लांबून आईचा आवाज आला. “काय सांगितलंस त्याला? उठला तो... सिल्वो, बस ना रे. थंड होतंय... मारिंका, काय बोललीस तू?”

“आई, नेझा तेम्निकमध्ये अडकली आहे.”

मारिंकाला स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू येत होतं. पातेल्याचं झाकण वाफेने थडथडत होतं. मग आई बोलली, फोनवर नव्हे, खोलीत बोलली, लहान मुलाला शाळेत पाठवताना बोलावं तशी.

“सिल्वो. बूट घाल.”

थोड्या वेळाने मागच्या दाराची कडी वाजली.

मारिंकाने फोन कानापासून काढून ॲप उघडलं. शोध घेतला. नेझाचं नाव, एकटं. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. अंगठा काचेपासून बोटभर लांब होता, हे तिने नंतर शपथेवर सांगितलं. जंगलात फांद्या मोडल्यासारखा आवाज झाला. ओला लसूण आणि जळका धूर यांचा वास पायऱ्या उतरून आला, त्यांच्या दोघांच्या मधून गेला. गाश्परच्या बाहीवरून काहीतरी गार घासून गेलं. त्याने तोंडावर हात दाबून धरला. पाण्यात काही पडल्याचा आवाज झाला नाही. पण काठापासून एक वर्तुळ निघालं आणि पसरत गेलं.

फोनवरच्या आकड्याने एक क्षण डोळा मिटल्यासारखं केलं. एकाचे दोन झाले. नेझाच्या नावाखाली दुसरं नाव होतं. ‘४१’, अकरा वर्षांपूर्वीची तारीख, ‘सि. को.’, आत.

आणि पाण्याची घरघर बदलली. आधी ती उंच झाली, मग एका मोठ्या घोटासारखा आवाज आला, आणि भिंतीवर ओली रेघ सोडत पाणी खाली सरकू लागलं. एक वीत. दोन. कमानीची कड दिसली. तिच्याखाली अंधाराची फट उघडली.

“दोर बांध माझ्या कमरेला,” मारिंका म्हणाली.

“मावशी, पथक येईपर्यंत...”

“बांध, गाश्पर.”

ती छातीभर पाण्यात उतरली. पाणी इतकं थंड होतं की पहिल्यांदा ते भाजल्यासारखं वाटलं. एक हात कमानीला धरून तिने दुसरा आत घातला, जमेल तितका लांब, आणि हाक मारली. पोर लहान असताना अंगणातून मारायची तशी, जेवायला बोलावताना. कितीदा मारली ते तिने मोजलं नाही. मग काळोखातून कुणीतरी तिची बोटं धरली. बोटं बर्फासारखी होती, पण थरथरत होती. त्या थरथरीने मारिंकाला रडू फुटलं.

पथक आलं तेव्हा नेझा पायऱ्यांवर चांदीच्या रंगाच्या कागदी गोधडीत गुंडाळलेली बसली होती आणि गाश्परच्या बुटांना नावं ठेवत होती. “नाचायला निघाला होतास का रे हे घालून?” दात वाजत असूनही तिने फोन मागितला. मारिंका म्हणाली, मी करते. नेझा म्हणाली, “दे इकडे. माझं मीच करणार, नियम कुणाचा आहे?” तिसऱ्या प्रयत्नात तिला ‘बाहेर’ लिहिता आलं.

पलीकडे काय झालं ते तिने गाडीत सांगितलं. बॅटरी बदलून मागे वळली तर कमान भरलेली. ती वरच्या कपारीत चढून बसली. दिवा संपत आला. मग पाण्यातून पिवळा उजेड आला, पांढरा नव्हे, पिवळा. एक माणूस वर आला. चेहरा दिसला नाही, दिवा कपाळावर होता. त्याने कपार बघितली, तिला बघितलं, आणि जरा बाजूला सरकला, अरुंद जिन्यावर समोरून कुणी आलं की सरकतात तसा. पाणी तिच्या पायाखालून उतरत गेलं.

“काही बोलला?” मारिंकाने विचारलं.

“माझ्याशी नाही. मागे वळून बोलला कुणाशी तरी... आतल्या बाजूला.”

घरी आई चुलीपाशी बसून होती. तिने नातीला कपडे बदलायला लावले, वाडगा भरून दिला. दुसरा वाडगा टेबलावर तसाच होता. योता तशीच, वर सायीसारखा थर धरलेला. खुर्चीखाली तांबडं डबकं होतं. मारिंका फडकं घ्यायला वळली तशी आई म्हणाली, “राहू दे. मी पुसेन.”

“आई, मी त्याला...”

“तू नाही. मी पाठवलं. मी आई आहे त्याची.” मग फडकं हातात घेत म्हणाली, “कॉलर नीट केली मी त्याची. जाताना.”

नेझा झोपल्यावर मारिंकाने सिल्वोची नोंद उघडली. ॲपमध्ये कुणी कधी काय बदललं ते दिसतं. मंगळवारी गाश्परचं नाव होतं. बुधवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास कुणीतरी पुन्हा बदलली होती, आणि नावाची जागा कोरी होती. आतली जुनी ओळ तशीच होती, ‘अर्ध्या तासात बाहेर’. तिच्याखाली नव्या ओळी होत्या.

‘तू माझं नाव लिहिलंस म्हणून मला वाट सापडली. आम्ही इथे चौघं आहोत. बाकी तिघांची नावं कुणी लिहिली नाहीत. ते शोधून सापडत नाहीत. फार वर्षं झाली त्यांना.’

मारिंकाने ते तीनदा वाचलं. मंडळाच्या सत्तर वर्षांत सिल्वोखेरीज कुणी हरवलेलं नव्हतं. गावातली म्हातारी माणसं तेम्निकबद्दल बोलता बोलता एका ठराविक गोष्टीपाशी येऊन थांबत, एवढं तिला माहीत होतं. तिने आईला विचारलं. आईने चुलीत एक लाकूड सारलं आणि म्हणाली, “झोप आता.”

गुरुवारी तिची पाळी नव्हती, तरी ती साडेतीनला मंडळात गेली. गाश्पर आधीच येऊन बसला होता. त्याचे डोळे सुजलेले होते.

“मावशी, मी चिटणीसपद सोडतो.”

“सोडून कुठे जातोस? बस तिथे. मला साक्षीदार हवा आहे.”

तिने एकामागून एक तीन नव्या नोंदी उघडल्या. क्रमांक लिहिला, ४१. तारीख ठाऊक नव्हती, तिथे आडवी रेघ काढली. आद्याक्षरं ठाऊक नव्हती, तिथेही रेघ. शेवटी शब्द लिहिला, ‘आत’. गाश्परने विचारलं, “हे कुणाचं?” ती म्हणाली, “माहीत नाही. पण नसण्यापेक्षा बरं.”

चारला शोध घेतला. चार आले. तिने नुसता आकडा म्हटला नाही. आता ती तसं कधीच करत नाही. एकेक नाव मोठ्याने वाचलं. सिल्वोचं वाचलं, मग तीन वेळा, “एक्केचाळीस, माहीत नाही, माहीत नाही, आत.” पाटीवर ‘४’ काढला आणि कुलूप लावलं.

शुक्रवारी चारला पुन्हा चार आले. ती वाचू लागली. सिल्वो. मग पहिली रेघांची नोंद, मग दुसरी.

तिसरीपाशी तिचा आवाज थांबला. गाश्पर खुर्चीतून उठून तिच्या मागे येऊन उभा राहिला. खुंट्यांच्या बाजूला कुठेतरी टप्पकन थेंब पडला.

दुसऱ्या, आद्याक्षरांच्या रेघेच्या जागी अक्षरं भरलेली होती. कुणीतरी आपली आद्याक्षरं लिहिली होती, पण घाईत किंवा सवय नसल्यासारखी, पहिलं अक्षर दोनदा पडलेलं. कुणी बदललं, ती जागा कोरी होती.

मारिंकाने चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली, आणि ती दोन अक्षरं मोठ्याने, नीट वाचली.

खोलीच्या त्या कोपऱ्यातून, जिथे एकच खुंटी रिकामी होती, कुणीतरी खूप वेळ धरलेला श्वास सोडला.